कासवाच्या पाठीला काय लावू?

प्रश्न : ताई, माझ्याकडे अडीच वर्षांचा रेड-इअर्ड स्लायडर आहे, चिंटू नाव. कवच साडेचार इंच आहे. महिनाभर झाला, त्याच्या पाठीवर पांढरट डाग दिसतायत आणि कवचावरच्या चकत्यांच्या कडा उचलल्यासारख्या झाल्यात. एक चकती सुटतच आली होती म्हणून मी नखाने काढली तर खाली गुलाबी दिसलं आणि मी घाबरलेच. टँक दोन फुटी आहे, फिल्टर नाही पण दर चार दिवसांनी सगळं पाणी बदलते. खिडकीला लागूनच ठेवलाय म्हणजे काचेतून रोज दोन-तीन तास ऊन मिळतं. खायला सुकी कोळंबी, बाकी काही तो तोंडाला लावत नाही. घरचे म्हणतात तेल लाव, मैत्रीण म्हणते व्हॅसलीन, आणि शेल कंडिशनर नावाची एक बाटली पण मिळते म्हणे. नक्की काय लावू? हे शेल रॉट, म्हणजे कवच कुजण्याचा आजार, आहे का? ता. क. कवचाची मागची कड बोटाने दाबली तर जराशी वाकते, ते नॉर्मल असतं ना?

उत्तर :

अगं, तू डागांबद्दल दहा ओळी लिहिल्यास आणि खरी गोष्ट ता. क. मध्ये टाकलीस.

नाही, ते नॉर्मल नसतं. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाचं कवच थोडं लवचिक असतं, ते ठीक आहे, पण अडीच वर्षांच्या साडेचार इंची स्लायडरची कड टेबलाच्या कडेसारखी टणक लागली पाहिजे. ती वाकत असेल तर कवचातलं कॅल्शियम कमी पडतंय अशी शंका पहिली येते, आणि तू बाकी जे लिहिलंयस ना, काचेतलं ऊन, नुसती कोळंबी, ते वाचून माझी शंका अजूनच पक्की झाली. त्यामुळे डागांचं आपण बोलूच, पण आधी या आठवड्यात सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटची अपॉइंटमेंट घे. नुसतं कुत्र्या-मांजरांचं बघणारे असतील तर फोनवरच विचार की कासव बघता का आणि एक्सरे काढता का, कारण हाडं किती पातळ झालीत ते एक्सरेतच नीट दिसतं. आणि तोपर्यंत ती कड दाबून बघणं बंद कर, त्याला कळतं ते. कवचाला नसा असतात, पाठीवर हळूच बोट ठेवलं तरी त्याला समजतं, दुखलं तरी समजतं.

आता हे सगळं का होतं ते सांगते, म्हणजे "काय लावू" हा प्रश्न तुझ्या डोक्यातून आपोआप जाईल.

कवच म्हणजे कासवाच्या पाठीवर ठेवलेली पेटी नाही, तो त्याचा सांगाडा आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या आतून कवचालाच जोडलेल्या असतात, साधारण पन्नास-साठ हाडं मिळून ते झालेलं असतं. त्या हाडावर जिवंत त्वचेचा एक पातळ थर, आणि त्याच्यावर त्या चकत्या, ज्यांना स्क्यूट म्हणतात, त्या केराटिनच्या, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याच्याच. स्लायडरच्या पाठीवर सहसा ३८ असतात, मधे पाच, दोन्ही बाजूंना चार-चार, आणि कडेने बारीक बारीक २५. कधीतरी मोजून बघ, मजा येते. सांगायचा मुद्दा हा की हाड घट्ट व्हायचं तर ते आतून होतं. तुझी हाडं ठिसूळ झाली तर तू काय हाताला व्हॅसलीन चोळणारेस का?

हाड आतून घट्ट व्हायला कॅल्शियम लागतं, आणि खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून अंगात ओढून घ्यायला व्हिटॅमिन डी३ लागतं, आणि ते डी३ कासव आपल्या कातडीत तयार करतं पण त्यासाठी उन्हातला यूव्हीबी नावाचा भाग अंगावर पडावा लागतो. इथेच तुझा घोळ झालाय, आणि तू एकटी नाहीस, दहातले आठ जण हेच करतात असं मला येणाऱ्या पत्रांवरून वाटतं. खिडकीची साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळा अडवते. उजेड येतो, ऊब येते, आपल्याला वाटतं वा काय छान ऊन खातोय, आणि ज्या कामासाठी ऊन हवं होतं ते काम होतच नाही. उलट काचेच्या टँकवर थेट ऊन पडलं की पाणी भलतंच तापू शकतं आणि शेवाळ वाढतं ते वेगळंच. टँक खिडकीपासून हलव.

डी३ नसलं की शरीर काय करतं माहितीये? रक्तात कॅल्शियम तर ठराविक लागतंच, त्याच्याशिवाय स्नायू नि हृदय चालत नाही, मग ते हाडांतून काढून घेतलं जातं. आणि कासवाकडे हाडाचा सगळ्यात मोठा साठा कुठला, तर कवच. म्हणून आधी कड मऊ होते, मग कवचाच्या कडा वर वळायला लागतात, आकार बिघडतो, पाय थरथरतात, चालताना पोट जमिनीला घासतं. मऊपणा लवकर पकडला तर भरून येतो पण आकार एकदा वाकडा झाला की तो तसाच राहतो, म्हणून तुला घाई करतेय.

तर यूव्हीबीचा दिवा. साधा पिवळा बल्ब नाही, एलईडी नाही, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी म्हणून जो मिळतो तो, आणि शक्यतो लांब ट्यूब घे, पिळवटलेल्या छोट्या बल्बपेक्षा तिचा उजेड जास्त जागेवर सारखा पडतो. दिवसाला दहा-बारा तास चालू, रात्री बंद. किती उंचीवर टांगायचा ते त्याच्या पाकिटावर लिहिलेलं असतं ते पाळ, कारण लांब गेला की उपयोग झपाट्याने कमी होतो आणि फार जवळ आला की डोळ्यांना त्रास होतो. मधे काच नको, प्लास्टिकचं झाकण नको, बारीक जाळीसुद्धा बराच भाग खाते.

इथे माझी स्वतःची फजिती सांगते. माझ्या पहिल्या कासवाला मी अगदी शहाण्यासारखी यूव्हीबी ट्यूब आणली होती, आणि ती दीड वर्ष लखलखीत चालू होती म्हणून मी निवांत होते. मग एक दिवस आंघोळ घालताना पोटाकडची बाजू दाबल्यासारखी लागली. व्हेटने पहिला प्रश्न विचारला, ट्यूब कधी बदलली? मी म्हटलं बदलली कशाला, चालू आहे की! तर ट्यूबचा दिसणारा उजेड वर्षानुवर्षं राहतो पण यूव्हीबी त्याच्या खूप आधी संपत आलेलं असतं आणि ते डोळ्यांनी कळायला काही मार्गच नाही. तेव्हापासून ट्यूब लावली की तिच्या पट्टीवर मार्करने तारीख लिहिते. सहा ते बारा महिन्यांत बदलायची, कंपनी जे म्हणते त्याप्रमाणे, जळत असली तरी.

खरं ऊन मिळत असेल तर त्याला तोड नाही. कोवळ्या उन्हात टबमध्ये, अर्ध्या टबवर सावली, थोडं पाणी, वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून चार वेळा जरी झालं तरी खूप. पण तू तिथे बसून राहायचं. फोन वाजला म्हणून आत गेले नि तेवढ्यात कावळा आला असलं मला परत वाचायचं नाहीये. आणि काचेचा टँक उचलून उन्हात ठेवायचा नाही, टबच.

तुझ्या पत्रात अजून एक गोष्ट मला सापडलीच नाही, ती म्हणजे चिंटू पाण्याबाहेर कुठे बसतो? तू लिहिलंच नाहीस म्हणजे बहुतेक जागाच नाहीये. असं असेल तर निम्म्या डागांचं उत्तर तिथेच आहे. स्लायडरला पूर्ण बाहेर येऊन, पोटाकडची बाजूसुद्धा कोरडी होईल असं बसायला लागतं. अर्धवट बुडलेला दगड चालत नाही. कवच रोज खडखडीत वाळलं की शेवाळ आणि बुरशी टिकत नाहीत, आणि जुन्या चकत्या सुकून आपोआप गळतात. चोवीस तास पाण्यात राहिला की त्या गळतच नाहीत, एकावर एक साठत जातात आणि मधल्या फटीत पाणी अडकून तिथे जंतूंचं फावतं. त्या बसायच्या जागेवर गरम दिवा लाव, पृष्ठभाग साधारण ३० ते ३५ अंश सेल्सियस, आणि पाणी २४ ते २७ च्या आसपास. थर्मामीटर लाव, हात लावून "कोमट वाटतंय" हे मोजमाप नाही. कासव थंड रक्ताचं, गार राहिलं की त्याचं पचनच मंदावतं, मग कितीही चांगलं खाऊ घाल, अंगाला लागत नाही.

आता डाग. मी फोटो बघितलेला नाही त्यामुळे शेल रॉट आहे की नाही ते छातीठोक सांगणार नाही, पण घरी बघता येईल असं सांगते. चिंटूला बाहेर काढ, स्वच्छ मऊ कापडाने टीप आणि तासभर वाळू दे. वाळल्यावर खडूची पूड फासल्यासारखे डाग उठले आणि ओलं केल्यावर गायब झाले तर ते बहुतेक जड पाण्यातले क्षार, बादलीला चढतात ना तसले, त्यांनी काही होत नाही. दुसरं, डाग बरोब्बर चकतीच्या आकाराचा असेल, जरा चंदेरी चमक असेल, खाली हवा भरल्यासारखं वाटत असेल, तर ती गळायला आलेली जुनी चकती. पाण्यातल्या कासवांचं हे चालूच असतं, वाढीच्या वयात जास्तच, आणि गळून पडलेली चकती पातळ, पारदर्शक, कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मसारखी दिसते. तिसरं मात्र वाईट. डाग चकतीच्या रेषा न जुमानता कसाही पसरलाय, तिथे खड्डा पडलाय किंवा नखाला मऊ लागतंय, चकतीखाली दह्यासारखं काहीतरी आहे, आणि वास घेतला तर कुजका येतो, तर तो शेल रॉट. वास घ्यायला लाजू नको, नाकाइतकं लवकर डोळ्यांना कळत नाही. आणि पालथा करून पोटाकडची बाजूही बघ, पण झटकन बघून लगेच सरळ कर. तिथे चकत्यांच्या आतून लालसर गुलाबी झाक पसरलेली दिसली आणि तो मलूल असेल, खात नसेल, तर इन्फेक्शन रक्तात गेलेलं असू शकतं, मग या आठवड्यात नाही, त्याच दिवशी व्हेट.

तू काढलेल्या चकतीबद्दल बोलायलाच हवं. आपोआप गळालेल्या चकतीखाली नवी कोरी, टणक, चकचकीत चकती असते, रंगही ताजा असतो. गुलाबी दिसलं म्हणजे खालचा जिवंत थर उघडा पडला, नख वेळेआधी ओढल्यावर आपलं होतं ना, तेच. रागावत नाही, सगळ्यांचे हात शिवशिवतात, मी पण एकदा केलंय. पण यापुढे अर्धी लोंबत असली तरी हात लावायचा नाही. आता ती जागा म्हणजे जखम समज. व्हेटकडे जाईपर्यंत पोव्हिडोन आयोडीन पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाचं करायचं, स्वच्छ कापसाने दिवसातून एकदा-दोनदा त्या जागेवर लावायचं, दहा मिनिटं ठेवायचं, धुवायचं, मग उबदार कोरड्या टबमध्ये एक-दोन तास बसू द्यायचं आणि परत स्वच्छ पाण्यात सोडायचं. डोळ्यात-तोंडात जाऊ देऊ नको. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, माणसांची उरलेली मलमं, काही नाही. आणि कुठेतरी वाचून त्याला दिवसच्या दिवस कोरडा ठेवू नको, स्लायडर पाण्यातच गिळतो, बाहेर ठेवलास तर उपाशी नि तहानलेला राहील. किती तास कोरडा ठेवायचा ते जखम बघून व्हेटच सांगतील.

आता तेल. "कवच श्वास घेतं, तेलाने ते बंद होतं" असं पण लोक सांगतात, ते खरं नाही, कासव नाकाने-फुप्फुसाने श्वास घेतं. पण तेल न लावण्याची कारणं वेगळी आणि जास्त भारी आहेत. तेलाचा थर कवच वाळू देत नाही, त्याला घाण चिकटते, चकत्यांच्या फटीत आहेत ते जंतू आतच बंद होतात, आणि मग हे सगळं तवंग होऊन टँकभर तरंगतं. व्हॅसलीनचं तेच. ती कंडिशनरची बाटली लावली की दोन दिवस चिंटू चकाकेल, फोटोत छान येईल, आणि आतलं हाड तितकंच मऊ राहील. बाटलीचे पैसे यूव्हीबी ट्यूबला लाव. शेवाळ चढलं असेल तर मऊ टूथब्रश आणि साधं पाणी, साबण नाही, आणि हिरवी झाक थोडी राहिली तरी त्याने काही बिघडत नाही, तुलाच ती खुपत असते.

खाणं. नुसती सुकी कोळंबी म्हणजे रोज तिन्ही त्रिकाळ वेफर्स. आवडणारच. पण त्यात सगळं मिळत नाही, व्हिटॅमिन ए चा तर तुटवडा पडतोच, आणि तो पडला की डोळे सुजतात आणि कातडी पण कमजोर होते. कासवाच्या खाण्यात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त लागतं, दीडपट ते दुप्पट, आणि नुसत्या मांसाहारात हे गणित उलटं असतं. तर पाया म्हणजे चांगले टर्टल पेलेट्स, म्हणजे कासवांसाठीच्या तयार खाद्याच्या गोळ्या, त्याच्या डोक्याएवढ्या जागेत मावतील इतकेच, जास्त नाही. जोडीला गडद हिरवी पानं नि पाण्यातल्या वनस्पती. स्लायडर लहानपणी मांसाहारी जास्त असतात आणि मोठे होताना पाल्याकडे वळतात, चिंटूचं ते वय आलंय. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. टँकमध्ये समुद्रफेसाचा तुकडा तरंगता ठेव, मागचं टणक कवच काढून, तो वाटेल तेव्हा चावेल. डी३ चे थेंब किंवा पावडर मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नको, ते शरीरात साठतं आणि जास्त झालं तर तेही घातक, डोस व्हेटच देतील.

"बाकी काही खात नाही" हे मी हजार वेळा ऐकलंय. पेलेट्स कोळंबीच्या पाण्यात पाच मिनिटं भिजव, वासाने फसतो. कोळंबी कमी कमी करत आण, आणि दोन-तीन दिवस रुसून बसला तर बसू दे, धट्टंकट्टं कासव तेवढ्याने मरत नाही. पण हे रुसव्या-फुगव्याचं व्हेटने तपासल्यानंतर आणि दिवा-ऊब नीट लागल्यावर, आत्ता आजारी असताना उपास नको.

पाण्याचं थोडक्यात. सगळं पाणी चार दिवसांनी बदलणं हे कष्टाचं काम तू मनापासून करतेस, पण फिल्टर नसल्यामुळे दुसऱ्या दिवसापासूनच त्याच्या शी-शूचा अमोनिया साठायला लागतो आणि मऊ झालेलं कवच त्यात भिजत राहतं. फिल्टर घे, टँकच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा, कारण कासव माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. मग आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदललं तरी चालतं, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर त्यातले कामाचे जीवाणू क्लोरीनने मरतात. दोन फुटी टँक त्याला आता लहान पडतोय हे तुला कळलं असेलच. एका इंचामागे साधारण चाळीस लिटर धरतात, म्हणजे चिंटूला आत्ताच १८० लिटर लागतं, आणि तो अजून वाढणार. बाय द वे, पुढच्या पायांची नखं लांबलचक असतील तर चिंटू ठीक, आखूडच राहिली असतील तर चिंटूची चिंगी निघेल, आणि माद्या २५-३० सेंटिमीटरपर्यंत जातात, तेव्हा टँक घेताना एकदाच मोठा घे.

सगळं एकदम जमणार नाही मला माहितीये. आज टँक खिडकीपासून हलव आणि पालथी परात, विटा, जे असेल ते घेऊन त्याला कोरडी जागा करून दे, चढता येईल असा उतार ठेवून. ट्यूब आणि गरम दिवा दोन-तीन दिवसांत. फिल्टर पुढच्या आठवड्यात आला तरी चालेल, तोपर्यंत एक दिवसाआड थोडं थोडं पाणी बदल.

व्हेटकडे नेताना पाण्यात घालून नेऊ नको, झाकणाला भोकं असलेल्या डब्यात ओलसर टॉवेल टाकून ने, डबा उन्हात किंवा एसीच्या झोतात ठेवू नको. गळून पडलेली एखादी चकती असेल तर तीही पिशवीत घेऊन जा, आणि आजच त्याचे पाठीकडून, पोटाकडून नि बाजूने फोटो काढून ठेव, किचनच्या काट्यावर वजन करून लिहून ठेव, महिन्याने ताडून बघायला लागेल. काटा मग साबणाने धू, आणि हातही, कासवं दिसायला कितीही स्वच्छ असली तरी त्यांच्या अंगावर साल्मोनेला, म्हणजे माणसाचं पोट बिघडवणारा जंतू, असू शकतो.

एक्सरेत काय निघालं ते कळव. आणि नखांचं पण.